सहावीतल्या मुलीला प्रोग्रॅमिंग शिकायचंय, पहिला कम्प्युटर कोणता घ्यावा?

दुकानदार साठ हजारांचा गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारतोय आणि घरचे म्हणतात टॅब पुरे, असं तुम्ही लिहिलंय. मला विचाराल तर दोन्ही नकोत.

ऑफिसात वापरलेला सेकंडहँड लॅपटॉप घ्या. कंपन्या काही वर्षांनी थिंकपॅड, लॅटिट्यूड असली मॉडेलं गठ्ठ्याने काढून टाकतात. मजबूत असतात, कीबोर्ड झकास. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा. ८ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी वेगवान डिस्क, एवढं बघा. विंडोज ११ हवं असेल तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागेल. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकणार असाल तर त्याहून जुनाही चालेल.

पैसे देण्याआधी दुकानातच बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं सेटिंग, उघडून बघा. मी एकदा फसलोय. आधीच्या कंपनीचा पासवर्ड तसाच होता, आणि पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम काही केल्या टाकता येईना. एकेक बटणही दाबून बघा. बॅटरी दमलेली असणार, तेवढं गृहीत धरा.

टॅबवर स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची मुलांची भाषा, चालतं, नाही असं नाही. पण फाइल कुठे गेली, फोल्डर म्हणजे काय, हे तिथे नीट दिसत नाही आणि पायथनपाशी, म्हणजे कोड टाइप करून लिहायच्या भाषेपाशी, आलं की तेच नडतं. शिवाय हाताशी यूट्यूब. आमच्या शाळेत ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो आला होता, रॅम ३२ केबी! चालू केला की समोर थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा. करायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून शिकलो.

लॅपटॉप तिचाच असू द्या, तुमचं बँकेचं काम त्यावर नको. बिघडवला तर पुन्हा सिस्टीम टाकायची, तासाभराचं काम.

स्क्रॅचचा कंटाळा आला की पायथन. त्यात मराठी कीबोर्ड लावून 'वय', 'नाव' अशी व्हेरिएबलं, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्यांची नावं, देवनागरीत लिहिता येतात. मात्र कोडमध्ये 'वय = ११' असं मराठी अंकात लिहिलं की एरर. तेच ११ प्रोग्रॅम चालू असताना इनपुटने विचारून घेतलं, तर इंट, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचा आकडा करणारा पायथनचा हुकूम, ते निमूट स्वीकारतो. असं का, यावर माझ्या पुतण्याने अख्खा रविवार घालवला, जेवायलाही उठेना.