रक्त येतं म्हणून घासणं सोडलंय? आधी हिरड्यांची मापं घ्यायला लावा

ताई, ब्रश लागला की रक्त येतं म्हणून तुम्ही खालचे पुढचे दात घासणंच सोडलंत आणि गुहागरच्या सासूबाई ‘दवाखान्यात दातांची सफाई करू नको, मशेरी लाव’ म्हणतायत, हे वाचून राहवलं नाही. आमच्या मालवणातही तेच ऐकलंय, ‘साफ केल्यार दात हलूक लागतत गो!’ मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. तेवढं धरून वाचा.

ब्रश कसा धरायचा वगैरे सांगत बसत नाही. पण रक्त येतं ती जागा सोडू नका. साचलेल्या थराने हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येतं. मऊ ब्रश, हलका हात, पण तिथेच.

मला महागात पडला तो एक दवाखाना (नाव विचारू नका). हिरडी सुजली की पाच दिवसांच्या गोळ्या आणि वरून लावायला गम पेंट. सूज उतरायची, मी खूश, तेही खूश. थोड्या महिन्यांनी पुन्हा तेच. वर्षानुवर्षं कुणी ना माप घेतलं, ना एक्स-रे काढला. दाढ हलायला लागली तेव्हा म्हणे, ‘काढून टाकू, वय झालं.’ चाळिशीत वय झालं!

पुढे हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे गेले. त्यांनी काळ्या खुणा असलेली बारीक सळी एकेका दाताभोवती हिरडीत अलगद सरकवली आणि आकडे मोठ्याने सांगत गेले. मदतनीस मुलगी लिहून घेत होती, ‘दोन, तीन, सहा, पाच...’ ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, पुढे खिसा, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल झालेली फट. तिथलं कीटण (दातावर कडक झालेला थर) ना ब्रशने निघतं ना गोळीने, ते खरवडूनच काढावं लागतं. आणि दाताभोवतीचं झिजलेलं हाड बहुतेक परत येत नाही. त्या गोळ्यांच्या पाकिटांचा राग अजून जात नाही माझा.

सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात, खरंय. पण पडायला आलेला गडगा (दगडांचं कुंपण) वेलीने धरून ठेवावा तसं कीटणाने धरलेलं असतं. वेल काढली म्हणून गडगा मोडला असं कोण म्हणेल?

मशेरीने रक्त कमी दिसतं, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालूच राहतो. ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही’ यावर सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनाच तोंड तपासायला सोबत न्या. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असली तर अजिबात थांबू नका.

साखरही तपासा, मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. क्लोरहेक्सिडिनच्या चुळा डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, दात तपकिरी होतात. बांगडा खाल्ल्यावर फटीत अडकणाऱ्या धाग्यांना काडी नको, फटींतला छोटा ब्रश मिळतो तो घ्या. सफाईनंतर मला दर ३ महिन्यांनी बोलावतात, तुमचं तुमचे डॉक्टर ठरवतील.

गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी असते, तेव्हा नंबर मिळणं कठीण. मुंबईत कुणी असेल तर नायरचं दंत महाविद्यालयही आहे. कुठेही जा, फोनवरच विचारा, ‘खिशांची मापं घेता का?’ ‘गरज नाही’ म्हणाले तर दुसरीकडे जा.