नायसिनची कॅप्सूल: सुरुवातीला एवढंच कर

नायसिन, म्हणजे जंतू मारणारं एक पेप्टाइड (छोटं प्रथिन), लायपोसोममध्ये (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, त्याच आपल्या कॅप्सूल) भरून बायोफिल्मवर, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेल्या जंतूंच्या थरावर वापरायचं, हा विषय छान निवडलायस. वाशीच्या तुमच्या लॅबमध्ये सोयी बेताच्या असल्या तरी हे काम नक्की जमेल. फक्त पेप्टाइड एकच घे, नायसिन, आणि जंतूही एकच. लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस रोगकारक आहे, म्हणून हात बसेपर्यंत त्याचा निरुपद्रवी भाऊबंद लिस्टेरिया इनोक्युआ वापर. साल्मोनेलाच्या मागे आत्ता लागू नकोस. तो ग्रॅम-निगेटिव्ह गटातला, आणि अशा जंतूंचं बाहेरचं आवरण नायसिनला एकट्याने सहसा भेदता येत नाही.

बाजारातल्या पावडरीत नायसिन साधारण २.५ टक्केच असतं, बाकी बहुतेक मीठ आणि दुधातले घन पदार्थ. वजन करताना हा हिशेब चुकला की पुढचे सगळे आकडे वाया. पावडर न्यूट्रल बफरमध्ये घालू नकोस, ०.०२ नॉर्मल (N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळव.

नवखे हमखास इथे चुकतात:

- रिकाम्या लायपोसोमचा कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) ठेवत नाहीत. कॅप्सूलवर कायटोसनचा (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) थर दिलास तर तो हवाच, कारण कायटोसन स्वतःही जंतू मारतं.
- आत न गेलेलं नायसिन वेगळं काढत नाहीत आणि श्रेय कॅप्सूलला देतात.
- बायोफिल्म मोजायला नुसत्या क्रिस्टल व्हायोलेट या रंगावर विसंबतात. तो रंग मेलेल्या पेशींनाही चढतो. जिवंत पेशी प्लेटवर मोजच.

बायोफिल्म प्लॅस्टिकवर वाढवून थांबू नकोस. रबाळे एमआयडीसीतून ३०४ स्टीलचे छोटे तुकडे कापून आण, तेलकटपणा पूर्ण घालवून ऑटोक्लेव्ह कर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक कर). तरंगत्या पेशींच्या एमआयसीवरून (वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेवरून) डोस ठरवू नकोस, बायोफिल्मला बराच जास्त लागतो. झीटा पोटेन्शियल (कॅप्सूलच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) वगैरे नंतर बघू. प्लेटवरचे पहिले काउंट आले की पाठव.