मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूंचं वस्तुमान मोजायला) सॅम्पल देताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या संयुगाचं वस्तुमान ४०० आहे. ईएसआयसाठी (द्रावण फवारून रेणूंना विद्युतभार देण्याची पद्धत) सॅम्पल किती द्यावं? पीक (स्पेक्ट्रमच्या आलेखातला सुळका) मोठं यावं म्हणून आम्ही सढळ हातानं देतो.

उत्तर : हात आखडता घ्या. यंत्रात जाणाऱ्या द्रावणात साधारण १ ते १० मायक्रोमोलर (लिटरमागे मोलचा दहा लाखावा भाग) संयुग पुरतं. तुमच्या बाबतीत १० मायक्रोमोलर म्हणजे मिलिलिटरमागे अवघे ४ मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅम पावडर १ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवा. हे झालं २.५ मिलिमोलर. त्यातले १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर मिथेनॉलमध्ये घाला आणि त्या द्रावणाचं पुन्हा दहापट विरलन करा. आता ते २.५ मायक्रोमोलर आहे. मिथेनॉल एलसी-एमएस (लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री) ग्रेडचं, म्हणजे अतिशुद्धच घ्या.

सॅम्पल जास्त झालं की पीक मोठं होण्याऐवजी बिघडतं. डिटेक्टर संपृक्त होतो, ४०१ (रेणू + प्रोटॉन) आणि ४२३ (रेणू + सोडियम) सोबत ८०१ आणि ८२३ वरही पीक उगवतात. हे नवं संयुग नव्हे, दोन रेणू एका प्रोटॉनला किंवा सोडियमला धरून आलेले असतात. शिवाय तुमचं संयुग नळीत चिकटून राहतं आणि पुढच्या माणसाच्या स्पेक्ट्रममध्ये डोकावतं. प्रयोगशाळेतली निम्मी भांडणं यावरूनच होतात.

वायल (सॅम्पलची छोटी बाटली) उजेडासमोर धरून पाहा. गढूळपणा किंवा तरंगणारा कण दिसला तर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण घ्या, किंवा ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळा. फवारणीची नळी आतून केसाइतकी बारीक असते, एक कणही ती तुंबवू शकतो. मिथेनॉलमध्ये विरघळत नसेल तर आधी अगदी थोड्या डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड) विरघळवून मग मिथेनॉल घाला, आणि घातल्यावर साका बसत नाही ना ते बघा.

प्रश्न : आमचं ३० किलोडाल्टनचं (वस्तुमान ३०,०००) प्रोटीन पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) आहे, २० मायक्रोमोलर. शुद्ध करताना ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट वापरलं होतं. तसंच दिलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. पीबीएसमध्ये सोडियम क्लोराइडच सुमारे १३७ मिलिमोलर असतं. म्हणजे प्रोटीनच्या एका रेणूमागे मिठाचे जवळजवळ सात हजार! थेंब सुकताना हे मीठ प्रोटीनला चिकटतं. प्रत्येक प्रोटॉनच्या जागी सोडियम बसला की वस्तुमान २२ नं वाढतं. एकाच प्रोटीनचा सिग्नल अशा डझनभर पीकांत वाटला जातो आणि हाती उरतो तो एक पसरट उंचवटा. फॉस्फेट तर उडूनही जात नाही, यंत्राच्या तोंडाशी पांढरा थर बनून बसतं.

१० किलोडाल्टन कट-ऑफचा स्पिन फिल्टर (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, त्याहून मोठे रेणू अडवणारा) घ्या. त्याच्या पडद्यावर ग्लिसरीन असू शकतं, म्हणून आधी एकदा पाणी फिरवून ते टाकून द्या. मग प्रोटीन घालून अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणानं धुवा. प्रत्येक फेरीत दहापट विरलन धरलं तर तीन फेऱ्यांनंतरही मीठ ०.१४ मिलिमोलर उरतं, म्हणजे अजून प्रोटीनच्या सातपट. त्यामुळे पाच फेऱ्या करा. प्रोटीनची घडी शाबूत ठेवून मोजायचं असेल तर अमोनियम ॲसिटेट १०० ते २०० मिलिमोलर ठेवतात. नुसतं वस्तुमान हवं असेल तर शेवटच्या फेरीला ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिडचं पाणी वापरता येतं. प्रयोगशाळा एलसीवर सॅम्पल घालणार असेल तर थोडं मीठ चालून जातं, कारण पहिल्या काही मिनिटांचा प्रवाह व्हॉल्व्ह फिरवून बाहेर सोडता येतो. तेवढं आधी विचारून घ्या.

खरी अडचण ट्रायटनची. त्याचे रेणू एकत्र येऊन मायसेल म्हणजे गोळे बनवतात, आणि ते तुमच्या प्रोटीनपेक्षाही मोठे असल्यामुळे १० किलोडाल्टनच्या पडद्यातून जात नाहीत. स्पिन फिल्टरमध्ये तुम्ही प्रोटीनबरोबर ट्रायटनही दाट करत बसाल. ते काढायला डिटर्जंट शोषणारी रेझिन वापरा किंवा थंड ॲसिटोननं प्रोटीनचा साका पाडा. स्पेक्ट्रममध्ये ४४ च्या अंतरानं पीकांची शिडी दिसली की ट्रायटन, ट्वीन (आणखी एक डिटर्जंट) किंवा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आलं म्हणून समजा. शक्य असेल तर शुद्धीकरणाच्या शेवटच्या टप्प्यात डिटर्जंट घालूच नका. नंतर काढण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

प्रश्न : एनएमआरचं (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना तपासण्याची पद्धत) सॅम्पल उरलं आहे. तेच देऊ का?

उत्तर : सीडीसीएल३ (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन असलेलं क्लोरोफॉर्म) मधलं असेल तर सुकवून द्या. ५ मिलिग्रॅम ०.६ मिलिलिटरमध्ये म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या ४०० च्या संयुगाचं जवळजवळ २१ मिलिमोलर. तसंच दिलं तर वर सांगितलेलं सगळं ओढवेल. सीडी३ओडी (ड्युटेरियमचं मिथेनॉल) किंवा डी२ओ (जड पाणी) मधल्या सॅम्पलमध्ये ओएच आणि एनएचवरच्या हायड्रोजनची जागा ड्युटेरियम घेतं आणि वस्तुमान प्रत्येकी १ नं वाढतं. साध्या मिथेनॉलमध्ये दोन-तीनदा विरघळवून सुकवलं की हायड्रोजन परत येतो. डीएमएसओ-डी६ मात्र १८९ अंशांना उकळतो, तो सहज सुकत नाही.

प्रश्न : सगळ्या सॅम्पलमध्ये ३९१.२८ वर पीक येतं. यंत्र बिघडलंय का?

उत्तर : बहुधा नाही. ते प्लॅस्टिक मऊ करणारं थॅलेट आहे; ४१३.२७ वर त्याचं सोडियमवालं भावंड आणि १४९.०२ वर तुकडा दिसला तर खात्रीच. क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन प्लॅस्टिक ट्यूबमध्ये ठेवलं, वायलवर पॅराफिल्म (मेणचट ताणता येणारी फिल्म) ताणली, वॉश बॉटलमधलं सॉल्व्हंट घेतलं, यातलं काहीतरी झालं असणार. काचेची वायल, पीटीएफई अस्तराचं झाकण, आणि दर वेळी सोबत नुसत्या सॉल्व्हंटची एक ब्लँक वायल. ब्लँक त्याच बाटलीतल्या सॉल्व्हंटची आणि त्याच पिपेट-टिपांनी केलेली हवी, नाहीतर तिचा उपयोग नाही.

प्रश्न : फॉर्मवर काय काय लिहायचं? आम्ही नुसता कोड लिहितो.

उत्तर : रेणुसूत्र, रचना, कशात विरघळतं, किती तापमानाला ठेवायचं, विषारी किंवा स्फोटक गट आहे का, आणि क्षार असेल तर त्यातला दुसरा आयन. रचना का मागतात? ईएसआयला प्रोटॉन घेणारा किंवा सोडणारा गट लागतो. बेसिक नायट्रोजन असेल तर पॉझिटिव्ह मोड, कार्बोक्सिलिक आम्ल असेल तर निगेटिव्ह. निगेटिव्हसाठीच्या सॅम्पलमध्ये टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड) नको, ते सिग्नल दाबतं. नुसता हायड्रोकार्बन ईएसआयला दिसतच नाही, तो जीसी-एमएसला (गॅस क्रोमॅटोग्राफी जोडलेलं यंत्र) द्या.

अपेक्षित वस्तुमान मोनोआयसोटोपिक (प्रत्येक मूलद्रव्याचा एकच समस्थानिक धरून काढलेलं) लिहा, बाटलीवरचं सरासरी नव्हे. ब्रोमोबेंझीनचं सरासरी १५७.०१ आहे, पण मुख्य पीक येतात १५५.९६ आणि १५७.९६ वर, जवळजवळ सारख्या उंचीचे.

लेबल वायलच्या अंगावर लावा, फक्त झाकणावर नको; झाकणं अदलाबदल होतात. मार्करची शाई मिथेनॉलच्या एका थेंबानं पुसली जाते, म्हणून कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलनं लिहा. प्रोटीन ड्राय आइसमध्ये पाठवत असाल तर खोका हवाबंद करू नका, वायूच्या दाबानं तो फुटतो.