तुमचा प्रश्न, आमचं उत्तर: रिसेप्शनला जेवायला काय ठेवू?

तुळशीचं लग्न लागलं की हॉलच्या तारखा आणि केटररचे फोन सुरू होतात, आणि या कॉलमकडे येणारे प्रश्नही तेच असतात. यावेळी ठाणे-नवी मुंबईतून आलेले चार प्रश्न घेतलेत. माझं मत आधीच सांगून टाकते: पाहुण्यांच्या लक्षात चाळीस पदार्थ राहत नाहीत, दोन-तीन राहतात, आणि ते बहुतेक वेळा तुमच्या घरचे, तुमच्या गावचे आणि गरम गरम ताटात पडलेले असतात. बाकीचे सदतीस नुसते झाकणाखाली वाफ धरून बसतात.

प्रश्न: ताई, आम्ही ऐरोलीचे, आगरी. जानेवारीत मुलाचं लग्न आहे, सून जळगावकडची. रिसेप्शन आमच्याकडे, मोकळ्या लॉनवर, 400 माणूस. आमच्या लोकांना मटण-मासळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि व्याही माळकरी, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही. केटरर म्हणतो पनीर, मंचुरियन, पास्ता ठेवा, सगळ्यांना चालतं. पण ते तर सगळीकडेच असतं ना? — वरमाई, ऐरोली

ताई, दोन मुलखांची जेवणं एकाच लॉनवर आणि महिना जानेवारी, यापेक्षा चांगला योग कुठला हवा? जानेवारी म्हणजे पोपटीचा महिना आणि जळगावच्या भरताच्या वांग्यांचाही. तिथूनच मेनू सुरू करा, पनीर मागून बघू.

पोपटी तुम्हाला मी काय सांगणार, पण जळगावच्या पाहुण्यांनी ती कधी बघितलेली नसेल, म्हणून ती त्यांच्यासमोर लावा. मडक्याच्या तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला, आत वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधेमधे बटाटे, रताळी, छोटी वांगी, तोंडाशी परत पाला दाबून भरायचा, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं, साधारण अर्धा तास. वरून पाणी शिंपडलं आणि थेंब चर्र करून लगेच उडाला की झाली. आणि मग परातीत मडकं रिकामं करताना जो वास सुटतो ना, त्याला माणसं आपोआप गोळा होतात, वेगळी अनाउन्समेंट करावी लागत नाही. ही भाजीची पोपटी माळकऱ्यांनाही चालते. कोंबडी आणि अंडी घातलेली मडकी वेगळी, लॉनच्या दुसऱ्या टोकाला, त्यांची परात वेगळी, वाढणारा माणूसही वेगळा.

हिशोब असा की चवीपुरतं वाढलं तर एका मडक्यात पंधराएक माणसं होतात, म्हणजे 400 ला जवळपास 27 ते 30 मडकी. सगळी एकदम लावलीत तर शेवटच्यांना गार शेंगा मिळतील, म्हणून सहा-सहा मडकी दर अर्ध्या तासाने लावायची, पहिली सातला, शेवटची नऊला, म्हणजे साडेनऊ-दहापर्यंत गरम. पनवेल-अलिबाग बाजूला थंडीत पोपटी करून देणारे असतात, त्यांना पाल्यासकट सांगून ठेवा, पाला ऐन वेळी शोधत फिरू नका. आणि लॉनवाल्याकडून जाळ करायची परवानगी लेखी घ्या, मांडवाच्या कापडापासून लांब जागा, वारा कुठून येतो ते बघून, शेजारी वाळूच्या बादल्या आणि फायर एक्स्टिंग्विशर. यात अजिबात कंजुषी नको.

आता सूनबाईंचं माहेर. भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या ठेवा. वांगी मात्र जळगावचीच आणा, ती मोठी हिरवट, कमी बियांची भरताची वांगी, त्यांना जीआय टॅगही आहे. आपल्या बाजारातल्या जांभळ्या वांग्याचं भरीत चांगलं लागतं पण ते खानदेशी नव्हे, व्याह्यांना पहिल्या घासाला कळेल. वांगी काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचून, वर कांद्याची पात, हे सगळं लोकांना दिसेल असं करा. शेवभाजी ठेवलीत तर रस्सा वेगळा आणि शेव वेगळी, शेव वाटीत वाढतानाच घालायची, आधी घालून ठेवली की तासाभरात तिचा लगदा होतो आणि केटररची माणसं नेमकं तेच करतात.

गोडाला मांडे. खापरावरचे पुरणाचे मांडे करणाऱ्या बायका खानदेशातून बोलवा, त्यांचा प्रवास, राहणं, मानधन नीट द्या, हे काम सोपं नाही. ती बाई पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पातळ करते आणि उपड्या खापरावर अलगद टाकते, आणि बघणाऱ्यांचे मोबाईल आपोआप वर जातात. पण स्पीड बघा. एका मांड्याला दोन मिनिटं धरली तर एका खापरावर तासाला 30, एका मांड्याचे चार वाटे केले तर 120 माणसं. 400 जणांना दोन तासांत द्यायचं तर दोन खापरं पुरतात असं कागदावर दिसेल, तरी तीन ठेवा, कारण सगळे एकदमच येतात. सोबत कोमट दूध आणि तूप, बस.

तुमच्या बाजूचं मटण आणि तांदळाची भाकरी हवीच, त्याशिवाय आगऱ्याचं लग्न कसलं. मासळी एकच ठेवा, तळलेले बोंबील, दाबून पाणी काढलेले, तव्यावरून थेट ताटात. ताजी मासळी बेलापूरच्या दिवाळे गावातून सांगता येईल. नॉनव्हेजचं किचन, तेल, झारे, वाढपी सगळं वेगळं आणि काउंटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला. व्याह्यांच्या बसायच्या जागेजवळ शुद्ध शाकाहारी काउंटर, पाटी मोठ्या अक्षरात मराठीत. मुलांसाठी एक नूडल्स, एक पनीर ठेवा, पास्ता काढून टाका.

प्रश्न: ताई, माझं रिसेप्शन मे महिन्यात आहे, घोडबंदर रोडला हॉल घेतलाय, 250 लोक. मला आमरस ठेवायचाच आहे पण आई म्हणते रस परवडणार नाही आणि गरमीत टिकणार नाही. वेलकम ड्रिंकला मॉकटेल सोडून काही सुचव ना. — होणारी नवरी, ठाणे पश्चिम

आईची काळजी खरी आहे पण रस होऊ शकतो, ठेव तू. मध्यम आकाराच्या एक डझन हापूसमधून, साल-कोय जाऊन, छोट्या दहा-बारा वाट्या रस निघतो. 250 जणांना एकेक वाटी म्हणजे 23 डझनांच्या आसपास, परत घेणारे धरून 30 डझन. फळ वाशीच्या एपीएमसीच्या फळबाजारातून घ्या. सोसायटीच्या गेटवरच्या टेम्पोतून घेऊ नका, तिथे हापूस म्हणून काय काय मिळतं! कच्चं फळ आठ-दहा दिवस आधी आणून गवतात पिकवलं तर पैसे वाचतात आणि केमिकलने पिकवल्याची धास्ती राहत नाही, पण मग रोज पेटी उघडून डागी फळ काढायला घरात एक माणूस लागतो. हे काम मामा किंवा काकांना द्या, ते आवडीने करतात. मे एप्रिलपेक्षा बरा, आवक वाढलेली असते आणि भाव उतरलेला असतो, फक्त महिनाअखेरीची तारीख असेल तर पावसाच्या आधी फळ हातात येईल ना ते व्यापाऱ्याला विचारून घ्या.

रस दुपारीच काढून फ्रिजरला, स्टीलच्या डब्यांत, आणि काउंटरवर एका वेळी एकच डबा, तोही बर्फात बसवलेला. संपला की पुढचा. मोठं पातेलं भरून उघड्यावर ठेवलं की आईची भीती खरी ठरते. आणि बर्फ खायचाच सांगायचा, महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तेव्हा निळसर लादी दिसली तर ती ग्लासच्या जवळपासही नको. पुऱ्या शेवटपर्यंत कढईतून निघत्या पाहिजेत, रसाबरोबर गार पुरी म्हणजे तुझे पैसे वाया. बासुंदी, रबडी वगैरे दुसरं दुधाचं गोड ठेवू नकोस, ज्यादिवशी हापूस आहे त्यादिवशी तिकडे कोणी बघत नाही.

वेलकमला पन्हं आणि कोकम सरबत, दोन्ही घरच्या प्रमाणाने, केटररच्या बाटलीतलं सिरप नको. पन्ह्यात गूळ आणि वेलची, कोकमात जिरं आणि थोडं काळं मीठ. आणि एक गोष्ट अगदी नक्की कर, ताडगोळे. मेमध्ये ताडगोळेवाले मिळतात, एकाला दोन तासांसाठी दारात बसव, ताजे सोलून द्यायला. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला हातात गार ताडगोळा मिळाला की तो तुझ्यावर खूश. ट्रॅफिकवरून आठवलं, पत्रिकेवर सात लिहिलं तरी तिकडे लोक साडेआठलाच येणार, मग साडेआठ ते साडेनऊ सगळी गर्दी जेवणावर. म्हणून चाटसारखं पटकन हातात देता येईल असं काहीतरी सातपासून फिरतं ठेव, म्हणजे लवकर आलेले म्हातारे लोक उपाशी बसत नाहीत आणि नंतरची रांगही थोडी हलकी होते. आणि डोसा काउंटरचा मोह असेल तर सोड, एका तव्यावर तासाला जेमतेम 80-100 निघतात, 250 लोकांत नुसती रांगच लक्षात राहील.

प्रश्न: नौपाड्यात आमचं घर. मुलीच्या रिसेप्शनला केळीच्या पानावर पंगत व्हावी अशी माझी फार इच्छा, मुलं म्हणतात बाबा आता कोणी खाली बसत नाही. काय करावं? — वधूपिता, ठाणे

काका, पंगत कराच, पण सगळ्यांसाठी नको आणि जमिनीवर नको. टेबल-खुर्चीवर पान मांडा, तुमच्या वयाच्यांचे गुडघे सुखी राहतील. घरची, जवळची आणि ज्येष्ठ अशी साठ-सत्तर माणसं, हॉलच्या एका बाजूला, बाकीच्यांना बुफे. नीट वाढलेली एक पंगत उठायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, तेव्हा दोनच पंगती धरा.

सगळा खेळ वाढप्यांचा आहे. दहा-बारा पानांमागे एक वाढपी पाहिजे, आणि त्याला पंगतीत वाढायची सवय पाहिजे, बुफेचा मुलगा आयत्या वेळी उभा केला की मसालेभात पानभर सांडतो आणि दुसऱ्यांदा कोणी येतच नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधे वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप, हे मांडून झाल्यावरच माणसं बसवा. अळूचं फतफतं शेंगदाणे-खोबऱ्याचे काप घातलेलं, बटाट्याची पिवळी भाजी, तोंडली घातलेला मसालेभात वर ओलं खोबरं-कोथिंबीर, जिलबी आणि मठ्ठा. यात पनीर घुसवायचं नाही. जिलबी तिथेच तळा. आणि नवरा-नवरीला पहिल्या पंगतीत बसवा, एकमेकांना घास देताना उखाणे होऊ द्या, तुमची मुलंच मग बुफे सोडून पंगतीपाशी येऊन उभी राहतील, मी हे बऱ्याच लग्नांत बघितलंय.

केळीची पानं आदल्या दिवशी सांगितलेल्या संख्येपेक्षा वीसएक जास्त घ्या, फाटतात. बुफेलाही थर्माकोल-प्लास्टिकच्या प्लेटा नकोत, एकदा वापरून टाकायच्या त्या प्लेटा, कप, चमचे 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत, आपल्याकडे तर 2018 पासूनच. स्टीलची ताटं किंवा सुपारीच्या पानांच्या प्लेटा.

प्रश्न: केटररला ॲडव्हान्स द्यायच्या आधी काय काय विचारायचं, थोडक्यात सांगा. — कामोठे

थोडक्यात सांगते. फूड लायसन्सचा 14 आकडी नंबर मागा, देत नसेल तर पुढे जाऊच नका. प्लेटचा रेट जीएसटी धरून की सोडून, ते लिहून घ्या. गॅरंटीच्या प्लेटा किती आणि त्यावर आलेल्यांचे पैसे कसे लावणार, प्लेटा मोजणार कोण, तुमच्या बाजूचा एक माणूस मोजणीला उभा करा. फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर यांची जेवणं कशात धरलीत ते विचारा, यावरून रात्री बारा वाजता भांडणं होतात. ट्रायलला त्यांच्या ऑफिसात चार वाट्या चाखू नका, शक्य असेल तर त्यांच्या चालू ऑर्डरला जाऊन नऊ-साडेनऊला, शेवटी शेवटी, जेवण कसं आहे ते बघा, तेव्हाची भाजी गरम असेल तर केटरर चांगला.

उरलेल्या अन्नाचंही आधीच ठरवा. जे पातेल्यात झाकून गरम राहिलंय तेच द्यायचं, काउंटरवर दोन तास उघडं पडलेलं कोणाला देऊ नका. अन्न नेणाऱ्या संस्थेला किंवा जवळच्या आश्रमाला दोन दिवस आधी फोन करून वेळ सांगून ठेवा, डबे आणि गाडी कोणाची ते ठरवा, आणि हे काम घरातल्या अशा एकाकडे द्या ज्याला त्या रात्री स्टेजवर फोटोला उभं राहायचं नाहीये.