आरसी रणगाड्याचे धातूचे पार्ट घरी बनवायला कोणता पत्रा घ्यावा, सोल्डर का धरत नाही, की सरळ तयार सेट मागवावा?

तुमच्या आरसी, म्हणजे रिमोटनं चालणाऱ्या, शर्मन रणगाड्यासाठी तुम्ही पत्रा, सोल्डर आणि तयार सेट असं तिन्ही विचारलंत. पत्र्याचं आधी सांगून टाकतो. पितळी पत्रा, 30 गेज, म्हणजे साधारण 0.3 मिमी. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत विचारा, आणि मागताना मिलिमीटर न सांगता गेज सांगा. खरा मडगार्ड 3 मिमी जाडीचा धरला तर 1/16 प्रमाणाच्या मॉडेलवर तो 0.19 मिमी होतो, म्हणजे 36 गेज. काचेच्या कपाटात ठेवायचं मॉडेल असतं तर तोच घ्या म्हटलं असतं. पण तुमचा शर्मन अंगणात पळणार आहे, कुंडीला धडकणार आहे. तिथे 30 च हवा. कड्यांना आणि हँडलना 21 गेजची तार, 0.8 मिमी. खऱ्या रणगाड्यावर ती जवळपास 13 मिमीची सळई होते, डोळ्याला अगदी बरोबर वाटते.

आता तुमचं शेवटचं वाक्य, ‘की सरळ फोटो-एच सेट मागवू?’, म्हणजे पातळ पत्र्यातून रसायनानं कोरून काढलेले तयार भाग. खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

आमच्या हौशी मंडळींत एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. मॉडेलिंगमधला त्यांचा अनुभव दांडगा आहे, ते नाकारत नाही. मी माझ्या शर्मनच्या हेडलाइटचे गार्ड घरी करत होतो तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो, कशाला एवढी मरमर? सेट येतो, एका संध्याकाळी लागतो, आणि तुमच्यापेक्षा अचूक असतो.” हे मला लागलं. कारण शर्मन मी दुकानात दिसला म्हणून घेतलेला नव्हता. 1965 च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले, दुसऱ्या महायुद्धातलं जुनं यंत्र घेऊन. त्या रणगाड्यावर मला माझ्या हाताचं काम हवं होतं.

किटमधले गार्ड म्हणजे प्लास्टिकच्या जाड कमानी. खऱ्यावर त्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, कडेनं पाहिलं तर सुरीसारख्या बारीक. हे फोटोवरून कळत नाही. नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, 1994 पासून. तिथे जाऊन कुठल्याही रणगाड्याचा मडगार्ड समोरून न बघता कडेनं बघा.

पट्टी कापली, वाकवायला घेतली, तर ती स्प्रिंगसारखी परत यायची. कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. तिथल्या एका काकांनी पट्टी बोटात धरून नुसती हलवली आणि म्हणाले, “कच्ची वाकवताय होय? आधी तापवा की.” लाटलेला पत्रा कडक झालेला असतो. मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केला की मऊ पडतो, आणि ठोकून-वाकवून पुन्हा कडक होतो. मठारकाम करणारे, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवणारे, हे पिढ्यान् पिढ्या करत आलेत. लाली अंधारात नीट दिसते, म्हणून खिडकीचा पडदा ओढून तापवा. त्यानंतर लाकडाच्या फळीवर कमानीच्या आकारात खिळे ठोकले, डोकी उडवली, आणि त्याभोवती पट्टी फिरवली. डावा-उजवा गार्ड हुबेहूब सारखे निघाले. पाय मुद्दाम लांब ठेवले, हलमध्ये, म्हणजे रणगाड्याच्या धडात, भोकं पाडून आत घातले आणि खालून इपॉक्सी. सुपरग्लू नको, तो धक्क्याला तडकतो.

पुढे एका रविवारी सगळ्यांनी रणगाडे चालवले. त्या गृहस्थांचा जर्मन टायगर आणि माझा शर्मन, दोघेही फरशीच्या कडेला आपटले. माझा गार्ड चेपला, मी पकडीनं सरळ केला. त्यांचा सेटचा ब्रॅकेट घडीवर तुटला. यात नशिबाचा भाग नाही. फोटो-एच पत्र्यात घडी घालण्यासाठी जी रेघ असते ती रसायनानं अर्धी खाल्लेली असते, म्हणजे वाकवायच्या जागी पत्रा अर्धाच उरतो. कपाटातल्या मॉडेलला चालेल. पळणाऱ्याला नाही. शिवाय सेटमधली हँडल चपटी असतात, खरी गोल सळईची. ज्यांना अचूकतेचं एवढं अगत्य आहे त्यांना हे कसं चालतं, मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

सोल्डरचं. पत्रा स्वच्छ नाही, आणि तुमची सोल्डरिंगची इस्त्री लहान आहे. पितळ उष्णता भराभर पसरवतं, त्यामुळे सर्किटसाठीची 25 वॉटची इस्त्री कमी पडते. 60 ची रुंद टोकाची घ्या. पॉलिश पेपर मारा, मग बोट लावू नका. दोन्ही तुकड्यांना आधी पातळ कथील चढवा, भांड्याला कल्हई करतात तसं, मग जोडून एकदाच गरम करा. सोल्डर 60/40, म्हणजे 60 टक्के कथील, 40 टक्के शिसं. सोल्डर धरावा म्हणून लावायच्या साध्या रोझिन (राळेच्या) फ्लक्सनं धरत नसेल तर झिंक क्लोराइडचा वापरा, पण काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं घासून धुवा, नाहीतर जोड कळकतो आणि रंग फुगून निघतो. आधीचा जोड सुटू नये म्हणून त्यावर ओला कापूस ठेवा. सगळं झाळकाम मॉडेलपासून लांब, प्लास्टिक वितळतं.

तो फ्लक्स सर्किट बोर्डाजवळ अजिबात नेऊ नका, खिडकी उघडी ठेवा, चष्मा लावा. आणि धातू वाढवत गेलात तर रिसीव्हरची अँटेना पितळेखाली झाकली जाणार नाही ते बघा. 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल धातूच्या डब्यात शिरत नाही.

सगळंच धातूत करू नका, हेही सांगायला हवं. जे खऱ्यावर ओतीव आहे ते रेझिनमध्येच शोभतं. पत्रा आणि सळई तेवढी पितळेत. शर्मनच्या M4A3 या प्रकाराच्या मागच्या एक्झॉस्टच्या पट्ट्या हातानं करा, फार देखण्या होतात. बारीक जाळी मात्र सेटचीच घ्या, ती हातानं होत नाही, इथे त्या गृहस्थांचं बरोबर आहे. पण जाळीपुरतंच. बाकी सगळा सेट चिकटवून प्रदर्शनाच्या पाटीवर ‘स्क्रॅच बिल्ट’, म्हणजे सगळं हातानं घडवलेलं, असं लिहितात, ते लिहू नये, एवढंच माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही.