अडकलेला पैसा आणि हातातले दिवस

प्रश्न : मी विड्या वळते. जादा व्याज मिळेल म्हणून एका खासगी फायनान्समध्ये १ लाख ८० हजार ठेवले. आता ऑफिसला कुलूप आहे. एजंट म्हणतो, मूळ पावत्या माझ्याकडे द्या, तक्रार केलीत तर पैसे बुडतील.

ताई, पावत्या देऊ नका. कोर्टात तुमच्या बाजूने बोलणार त्या त्याच. त्या घेऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. १९९९च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात (कोर्टात त्याला 'एमपीआयडी' म्हणतात) सरकार फायनान्सवाल्यांची मालमत्ता जप्त करू शकतं आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने तिचे पैसे ठेवीदारांत वाटले जातात. वर्षं लागतात आणि सगळी रक्कम हाती येईलच असंही नाही. पण तक्रारीने पैसे बुडतात हे धादांत खोटं. थांबलात तर तेवढ्यात जमीन, फ्लॅट मेहुण्याच्या नावावर होतात. शेजारणींनाही सोबत घ्या. फसलो म्हणून लाजू नका, लाज त्यांना वाटायला हवी. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो.

प्रश्न : मी सोलापूरचा. हैदराबादच्या व्यापाऱ्याला उधारीवर टॉवेल दिले. त्याचा ४ लाखांचा चेक परत आला. 'दिवाळीनंतर बघू' म्हणतो. केस तिकडे जाऊन करावी लागेल का?

नाही. चेक तुम्ही सोलापुरातल्या खात्यात भरला असेल, तर केस सोलापुरातच. पण दिवाळीची वाट पाहू नका. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. ३० दिवस उलटून गेले असतील तर चेकची तारीख बघा. तीन महिने झाले नसतील तर तो पुन्हा भरता येतो. तेही हुकलं तर दिवाणी दावा उरतो, त्याला साधारण ३ वर्षांची मुदत. आपल्याकडे सूत काय, चादर काय, सगळं शब्दावर चालतं. पण मुदत संपण्याआधी 'इतके देणे बाकी आहे' असं लिहिलेल्या कागदावर त्याची सही घेतलीत, तर ३ वर्षं नव्याने मोजली जातात. फोनवरच्या 'देतो'ला ते बळ नाही.

प्रश्न : मी विधीचा विद्यार्थी. गरीब ठेवीदारांची केस वसुलीच्या १० टक्क्यांवर घेता येईल?

नाही, बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमांत ते बसत नाही. फी कमी घे, हप्त्याने घे. आणि आधी खतावणी, म्हणजे हिशेबाची खातेवही, वाचायला शीक. पैसा कुठून कुठे गेला हे वकिलालाच उमगलं नाही, तर तो न्यायाधीशांना काय दाखवणार?