हप्ता अडकला, आधार तर जोडलंय!

प्रश्न: पीएम किसानचे मागचे दोन हप्ते आले नाहीत. बँकेत विचारलं तर म्हणतात, आधार जोडलेलं आहे. मग पैसे गेले कुठे? (एक शेतकरी, सांगोला)

उत्तर: बहुधा तुमच्याच दुसऱ्या खात्यात. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि ते डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीड करणं, म्हणजे ‘पैसे याच खात्यात यावेत’ अशी नोंद करणं वेगळं. काउंटरवर दोन्हीला ‘लिंक’च म्हणतात, घोळ तिथंच होतो. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत एका आधारापुढे एकच बँक राहते, शेवटी सीड केलेली. मध्यंतरी कुणाच्या आग्रहाखातर नवं खातं काढलं असेल, तर आधी त्याचं पासबुक भरून घ्या. माय-आधार संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा, बँकेचं नाव तिथंच दिसेल. जुनंच खातं हवं असेल तर त्या शाखेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या.

तिथं सगळं ठीक असेल तर पीएम किसानच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून तीन रकाने बघा: ई-केवायसी (ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार सीडिंग. लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर ताजा सातबारा, आठ-अ आणि आधारची प्रत घेऊन तलाठी किंवा तालुका कृषी कार्यालय गाठा. कष्टाने बोटांचे ठसे झिजले असतील तर ई-केवायसीसाठी केंद्रावर हेलपाटे नकोत. पीएम किसानच्या मोबाइल ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी होते.

राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे वर्षाचे ६,००० रुपयेही पीएम किसानच्या लाभार्थ्यांनाच मिळतात, तेव्हा तेही तपासा.